एका माणसाची जागा

झाडू हातात घेऊन अल्का व्हरांड्यात आली आणि पहिल्याच फटक्याला थांबली. काळ्या शहाबादी फरशीवर निळ्या खडूने एक माणूस काढलेला होता. डोक्याचा गोल, खांदे, दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या रेषा आणि पायांशी घाईघाईने जोडून टाकलेलं टोक. टीव्हीवरच्या मालिकेत पोलीस प्रेत उचलून नेतात तेव्हा मागे उरतं तसं. सरकारी दवाखान्यात सारी नोकरी नर्स म्हणून काढलेल्या बाईला अशा आकृतीची भीती वाटायचं कारण नव्हतं, आणि वाटलीही नाही. नवल मात्र वाटलं. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता होता, म्हणजे हा देवीदासच, तिचा नवरा. मालगाडीचा गार्ड होता तेव्हापासून त्या खांद्यावर बॅग अडकवून अडकवून तो तसा झाला होता. रेषा मध्येच हललेल्या होत्या. म्हणजे बुवाने आडवं होऊन, आपणच आपल्याभोवती हात फिरवून हे केलं होतं. खडू तिच्या शिलाईच्या डब्यातला. कशासाठी काढलं हेही तिला लगेच कळलं. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर त्यांची शिडाची नाव ठोकळ्यांवर उभी होती आणि तिच्यात झोपायची जागा तेवढी करायची राहिली होती. देवीदास त्या जागेला बर्थ म्हणायचा, आणि बर्थ अंगाच्या मापाने करायचा असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. तेव्हा अल्का दुसरी आकृती शोधू लागली. तिने चपला सरकवल्या, कुंड्यांच्या मागे पाहिलं, पायपुसणंसुद्धा उचलून पाहिलं. दुसरी नव्हती. मग तिला स्वतःचंच हसू आलं, कारण तिला आडवं केल्याशिवाय तिची आकृती काढणार कशी? पण हसू आलं तसं थांबलं. तिला कोणी आडवी हो म्हटलंच नव्हतं.

आतल्या खोलीचं दार बंद होतं. देवीदास झोपला होता. तो दिवसा झोपला की दाराला आतून कडी असे आणि घरातला आवाज बंद होई. हा नियम लग्नापासूनचा. गाडीवर जाणाऱ्या माणसाची झोप मोडायची नाही, रेल्वेच्या सगळ्याच घरांत तसं असतं. त्यांची मुलगी गुंजन लहान असताना पायातलं पैंजण काढून हातात घेऊन स्वयंपाकघरात जायची. आता गुंजन रायपूरला स्वतःच्या घरी होती, देवीदास रिटायर होऊन बरेच दिवस झाले होते, अल्काही या उन्हाळ्यात नोकरीतून सुटली होती, तरी कडी तशीच लागत होती. नावेच्या तळाला फायबरचं लुकण लावायचं तर दिवसाच्या उन्हात ते हातातल्या डब्यातच घट्ट होऊन बसतं, म्हणून तो रात्री बल्ब लावून काम करायचा आणि सकाळी झोपायचा. ऊन उतरलं, शेतांवर लवकर पिकणारा हलका धान कापायला आला, तरी काम रात्रीचंच राहिलं. अल्का रात्री पलंगावर एकटी झोपायची आणि सकाळी ती उठली की तो त्याच पलंगावर आडवा व्हायचा. यात काही वावगं आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. वर्षानुवर्षं असंच तर होतं. तिची नाइट ड्यूटी संपायची तेव्हा त्याला गाडीवर जायचा कॉल आलेला असायचा, किंवा तो येऊन झोपलेला असायचा आणि ती डबा भरून निघालेली असायची. कधी ती घरी येई तेव्हा गादी अजून गरम असे. त्या गरम खळग्यात झोपायला तिला आवडायचं, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते काही होतं असंही वाटलं नव्हतं. दोघं दारात भेटत आणि बोलत ते वॉर्डात एक नर्स दुसरीला पेशंट सोपवताना बोलते तसं. पोरीला ताप होता, उतरला. दूध फाटलं. गॅस संपत आला. जाऊन येतो. एकत्र झोपलेल्या रात्री अगदीच नव्हत्या असं नाही. गुंजन काही आभाळातून पडली नव्हती. पण त्या रात्री सणावारासारख्या यायच्या, आणि जो आधी झोपला तो मधोमध पसरलेला असायचा. मग दुसरा उरलेल्या जागेत कसाबसा शिरायचा आणि थकून लगेच झोपून जायचा.

तिने झाडू भिंतीला टेकवला, रस्त्याकडे एकदा पाहून घेतलं आणि त्या आकृतीत जाऊन आडवी झाली. फरशी गार होती. तिचं डोकं गोलात बसलं, पण पाय टोकापर्यंत पोचेनात, आणि कमरेशी रेषेच्या बाहेर तिचं अंग चांगलंच सांडलं. वर टिनाच्या पत्र्याला आतून एक गंजाचा डाग होता, तो तिने इतक्या वर्षांत पाहिलेला नव्हता. देवीदासने पाहिला असेल का? खडू फिरवताना तो याच डागाकडे पाहत असेल. काय विचार करत असेल? तिला एकदम जाणवलं की या माणसाविषयी आपल्याला फार गोष्टी माहीत आहेत, पण त्या सगळ्या तो निघून गेल्यावर कळलेल्या. ताटात तो किती मीठ उरवतो, नळ कसा पिळतो, टॉवेल कुठे टाकतो, उशीला कुठलं तेल लागतं. माणूस जाग्यावर असताना कसा असतो? हे कुतूहल तिला नव्या नवरीसारखं होतं आणि या वयात त्याची लाजही वाटत होती. खरं म्हणजे या नावेला तिने होकार दिला होता तो याच्यासाठी. रिटायर झाल्यावर एका संध्याकाळी देवीदास एकदम बोलायला लागला होता. तुमसरच्या अलीकडे गाडी वैनगंगेच्या पुलावरून जायची, तो शेवटच्या डब्यात उभा असायचा, खाली पाणी दिसायचं. सगळे रूळ कुठून कुठे जातात ते त्याला पाठ होतं. ही एक वाट रोज पायाखालून जायची आणि ती कुठे जाते ते पाहिलं नाही. वैनगंगा पुढे प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते, गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे समुद्रात. नावेतून जायचं. डोलकाठी पाडता आली पाहिजे, पूल आले की पाडायची. धरणं आली की ट्रॅक्टरवर नाव चढवून पलीकडे उतरवायची. इतकं तो एका दमात कधीच बोलला नव्हता. तिने समुद्राचं फारसं ऐकलंच नाही. तिच्या मनात एवढंच आलं की नाव केवढीशी असणार, तिच्यातून हा जाणार कुठे? आणि ती म्हणाली होती, "मले यायचं हाय." मग तिने पायमशीनवर शीड शिवायला घेतलं. एका दुपारी पंखा सुरू राहिला आणि अर्धवट शिवलेलं शीड खोलीभर फुगलं, तेव्हा ती त्याच्या खाली बसून किती तरी वेळ नुसती पाहत राहिली होती. आता त्याची शेवटची दुमड तेवढी राहिली होती, आणि दिवाळी झाली की कोरणीच्या घाटावर नाव पाण्यात उतरणार होती.

दुपारी देवीदास उठला, आंघोळ करून जेवायला बसला. तिने त्याला वाढलं आणि स्वतःचंही ताट घेतलं. एरवी तिचं जेवण तोवर झालेलं असायचं.

"अजी, व्हरांड्यात ते काय काढून ठेवलं?"

"बर्थ हाय तो. आज लाकडाची पाटी कापतो."

"एकच?"

"एकच लागते."

"काऊन?"

देवीदासने तिच्याकडे पाहिलं. नवी नर्स सुईला टोक कुठे असतं असं विचारते तेव्हा सिस्टर तिच्याकडे पाहते तसं. "आता नाव चालून राहिली त दोघं झोपतीन कसे? एकानं सुकानू धरून जागाव लागते. त्याची ड्यूटी सरली का तो झोपते, दुसरा उठते. जागा पन वाचते अन् वजन पन." मग त्याला आणखी काहीतरी सुचलं आणि त्याचा चेहरा खुलला. "दुसऱ्या नवरा-बायकोले हे शिकाव लागते, अल्का. व्हिडिओत पाहा ना, भांडनं होतेत त्यायची. आपली त साऱ्या जिंदगीची प्रॅक्टिस हाय."

तो हे अभिमानाने बोलला. चेष्टेत बोलला असता तर तिला इतकं लागलं नसतं. त्याला खरंच वाटत होतं की आपला संसार या एका गोष्टीसाठी अगदी बेतून झाला आहे. अल्काने घास खाली ठेवला. तिला राग आला होता, आणि रागाच्या खाली रडू होतं, ते तिने आवरलं.

"मंग मी नाई येत," ती म्हणाली.

"कायले?"

"ड्यूटीच करायची होती त दवाखान्यात काय वाईट होतं मले?"

देवीदासने ताट पुसून खाल्लं, स्वतःच उचलून नेलं, धुतलं. थोड्या वेळाने तो प्लॉटवर जाऊन शिडीने नावेत चढलेला तिला खिडकीतून दिसला. करवतीचा आवाज येईल म्हणून ती वाट पाहत राहिली, पण पाटी कापली गेली नाही. अल्काने शीड मशीनवर घेतलं, सुईखाली घातलं आणि पाय पायट्यावर ठेवून तशीच बसून राहिली. ही दुमड घातली की तो मोकळा. एकटाही जाऊ शकेल; आकृती एकाचीच तर आहे. एकटा कोणाच्या भरवशावर झोपेल हा प्रश्न वेगळा. तिला त्याचा निरोप समारंभ आठवला. रेल्वेच्या सभागृहात हार घातले, चहा-समोसा झाला, मग त्याच्या सोबतचा एक गार्ड माइक घेऊन म्हणाला की आमचे देवीदासजी झोपेतही गाडी सोडतात. गार्ड लोक मुक्कामाला उतरतात त्या रनिंग रूमच्या खाटेवर गाढ झोपेत यांचा हात वर जातो, हिरवी झेंडी दाखवतात, आणि समोरून कोणी उत्तर दिलं नाही तर हात खालीच येत नाही. आम्ही कोणीतरी उठून हात दाखवतो, तेव्हा साहेब कूस बदलतात. सगळे खदखदून हसले. पहिल्या रांगेत बसलेली अल्काही हसली. सगळ्यांना वाटलं तिला हे माहीत असणारच. बाजूची बाई तिला कोपराने ढोसून म्हणालीसुद्धा की ताई, तुम्हालाच रोज दाखवावा लागत असेल हात. तिने हो म्हणून टाकलं. परतताना ऑटोत तिच्या मांडीवर नारळ आणि शाल होती आणि तिला त्या कुठल्या कुठल्या खाटांवरच्या माणसांचा हेवा वाटत होता. तेव्हापासून तिला ते पाहायचं होतं. एवढी साधी गोष्ट, पण मागायची कशी? दाराची कडी काढा, मला तुम्हाला झोपलेलं पाहायचं आहे, असं कोणी बाई नवऱ्याला म्हणते का? नाव त्यासाठी बरी होती. नावेत दार नव्हतं.

त्या रात्री प्लॉटवर बल्ब लागला नाही. देवीदास घरातही झोपायला आला नाही. अल्का पलंगाच्या मधोमध पडून होती आणि तिला पहिल्यांदाच पलंग मोठा वाटला.

सकाळी ती मुन्नालालच्या दुकानात पोहे आणायला गेली. मुन्नालालचं किराणा दुकान त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं आणि नाव उभी राहायला लागल्यापासून तो गिऱ्हाइकाला साखरेबरोबर नावेची बातमीही तोलून द्यायचा. देवीदासवर त्याचा जीव होता, म्हणून थट्टाही जास्त.

"भाभी, सुना है टायटॅनिक दिवाली के बाद छूट रहा?"

"पाहू," अल्का म्हणाली.

"एक बात बताओ. खाना तो समझा, स्टोव्ह है. नहाना-धोना, गंगा मैया है. रात को कहाँ रुकोगे? रोड पे तो ढाबा मिलता, खटिया मिलती."

"रात को रुकते नई ना, भैया," अल्का म्हणाली. "रात को भी..."

आणि ती थांबली. मुन्नालाल पोह्यांची पिशवी पुढे धरून उभा होता. तिने ती घेतली नाही. रात्रीसुद्धा चालू असतं, असं ती म्हणणार होती. रात्रीसुद्धा काय चालू असतं? दवाखाना चालू असतो. मालगाडी चालू असते. पण नदीच्या काठाने तर सगळीकडे जमीन असते. तिच्या डोळ्यांसमोर कोरणीचा घाट आला. तिथे मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे संध्याकाळी काठाला ओढून खुंट्याला बांधलेले असतात आणि माणसं घरी जेवत असतात. समुद्रात चाललेल्या लोकांचे व्हिडिओ पाहून या माणसाने वैनगंगेत नाइट ड्यूटी लावली. आणि आपण? आपल्यालाही काही वाटलं नाही. आपण भांडलो ते बर्थवरून, रात्र तर आपणही ड्यूटीलाच धरून चाललो होतो. दुसरं कोणतंही जोडपं, मुन्नालाल आणि त्याची बायको असते, तर त्यांनी सगळ्यात आधी हेच विचारलं असतं. तिला एवढं हसू आलं की मुन्नालालही न कळता हसायला लागला.

पोहे दुकानातच राहिले. ती सरळ प्लॉटवर गेली आणि साडी सावरत शिडीने वर चढली. देवीदास नावेच्या तळाशी उकिडवा बसला होता, बर्थची पाटी समोर तशीच, बिनकापलेली. रात्रभराच्या जागरणाने त्याचे डोळे लाल झाले होते.

"मी इचार केला," तो तिच्या आधीच म्हणाला. "तू नाई येत त मी पन नाई जात. इकून टाकतो नाव."

"नाव कायले इकता? मले एक सांगा, रात्री थांबलं त काय होते?"

"थांबलं?"

"संध्याकाळी काठाले लावाची नाव. झाडाले बांधाची. सैपाक कराचा, जेवाचं, झोपाचं. सकाळी उठून निघाचं."

देवीदासने हळूच विचारलं, "थांबता येते?"

"कोनाले इचाराचं हाय? मागून कोनती गाडी येऊन राहिली आपल्या?"

त्याने खरंच मान वळवून मागे पाहिलं. मागे प्लॉटची भिंत होती आणि भिंतीवर वाळत घातलेल्या गोधड्या. पाहून झाल्यावर तो पुन्हा तिच्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते अल्काने आधी कधी पाहिलं नव्हतं. भोळसट, ओशाळलेला, आणि अचानक सुट्टी जाहीर झाल्यासारखा. हा चेहरा याच्याकडे इतकी वर्षं होता आणि आपल्याला माहीत नव्हता, या विचाराने तिला पुन्हा नवल वाटलं.

"बाप्पा!" देवीदास म्हणाला. "मंग त रोजच रेस्ट झाला."

"रोजच."

"दोघायले संगच?"

"हाव."

त्याने पाटीवरून तळवा फिरवला. "मंग हे पाटी पुरत नाई. माप पुन्हा घ्याव लागते."

ते दोघं व्हरांड्यात आले. अल्काने ओल्या फडक्याने निळा माणूस पुसून काढला. खांद्याचा भाग पुसताना तिचा हात जरा रेंगाळला. फरशी वाळेपर्यंत दोघं उभे राहिले. ऊन पायरीपर्यंत आलं होतं आणि समोरून कोणी स्कूटरवाला हॉर्न देऊन गेला. मग देवीदास खाली बसला, आडवा झाला आणि सवयीने अगदी मधोमध पसरला. मग ध्यानात येऊन जरा सरकला, मग पुन्हा जागच्या जागी थांबला.

"तू कोन्या बाजूनं झोपतेस?"

अल्काने विचार केला. तिला खरंच उत्तर माहीत नव्हतं. "तुमी?"

"मले काय मालूम," तो म्हणाला.

तेव्हा ती आधी त्याच्या उजव्या बाजूला आडवी झाली. तिथे भिंत जवळ वाटली. उठून ती डावीकडे आली, उतरत्या खांद्याकडे. तिथे तिचं डोकं बरोबर बसलं, की बसल्यासारखं वाटलं, कोण जाणे. देवीदास म्हणाला, ठीक आहे, आता खडू घे, आधी तुझ्याकडून सुरुवात कर, मी हलत नाही. तिने खडू घेतला, कोपरावर रेलली आणि स्वतःच्या पायाशी रेषेला सुरुवात केली. मांडीपर्यंत आली तोवर शेजारचा श्वास जड झाला होता. रात्रभर जागलेला माणूस, शिवाय ही त्याची रोजची झोपेची वेळ. भर उजेडात, उघड्या व्हरांड्यात, कडीबिडी काही न लावता देवीदास झोपून गेला.

अल्काने खडू खाली ठेवला. तिने आधी त्याच्या पापण्या पाहिल्या, मग गालावरचे पांढरे खुंट, मग ओठांचा कोपरा हलतो का ते. वॉर्डात शेकडो झोपलेली माणसं तिने पाहिली होती, पण ती नाडीसाठी, सलाइनसाठी. असं कशासाठीही नसलेलं पाहणं तिला येत नव्हतं. ते तिला इथे, या घटकेला शिकावं लागत होतं. गल्लीतून मुन्नालाल पोह्यांची विसरलेली पिशवी घेऊन आला, फाटकाशी थांबला, आत दोघांना फरशीवर पाहून त्याने पिशवी हळूच फाटकाला अडकवली आणि परत गेला. तिला ते दिसलं. तिला लाज वाटली नाही. तिला वाटलं, जागं व्हायच्या आत एकदा, एकदाच.

आणि देवीदासचा उजवा हात वर आला. कोपरातून सरळ, मूठ अर्धी मिटलेली, झेंडीची काठी धरतात तशी. तो तसाच वर राहिला, हवेत, समोरून उत्तर यायची वाट पाहत.

अल्काने पदराने हातावरचा खडू पुसला, हात वर केला आणि त्याच्या हातासमोर धरला. थोड्या वेळाने देवीदासचा हात खाली आला आणि तो कूस बदलून तिच्याकडे वळला.